आयुष्यात पहिल्यांदा फॉर्म्युला वन ट्रॅकवर जाऊन बघायची आहे, अण्णांना (वय ७३) सोबत नेऊ का?

सिडकोवाला

नमस्कार मंडळी, संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. विषय माझ्या फार जवळचा आहे आणि दोन ओळीत लिहिला तर नीट सल्ला मिळणार नाही, म्हणून जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

मी सिडकोत राहतो, अंबडला एका सीएनसी वर्कशॉपमध्ये आहे, वय ४१. फॉर्म्युला वन बघतोय १९९८ पासून, हॅकिनेन आणि शूमाकर हे दोन ड्रायव्हर शेवटच्या रेसपर्यंत एकमेकांच्या मागे लागले होते तो सीझन. तेव्हापासून ज्या रेस चुकल्या त्या बोटावर मोजता येतील. पण ट्रॅकवर आजवर एकदाही गेलो नाही.

हे वेड घरात आणलं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते सातपूरला एका कंपनीत टाइम स्टडीला होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिवसभर हातात स्टॉपवॉच आणि पॅड घेऊन मशिनजवळ उभं राहायचं आणि ऑपरेटरला जॉब लावायला किती सेकंद, काढायला किती, कुठे हात फुकट जातोय ते टिपायचं. एका रविवारी चॅनल फिरवता फिरवता पिटस्टॉप लागला आणि अण्णा उठून टीव्हीजवळच गेले. एवढी माणसं एका गाडीभोवती, कोणाचा हात कोणाच्या आड येत नाही, आणि सात-आठ सेकंदात चार चाकं बदलून पेट्रोल भरून गाडी बाहेर. पुढच्या रविवारी ते स्टॉपवॉच घेऊनच बसले. मग वही केली. प्रत्येक रेसचं पान, ड्रायव्हर, लॅप म्हणजे ट्रॅकची फेरी, पिटस्टॉपचे सेकंद. २०१० पासून रेसमध्ये पेट्रोल भरणं बंद झालं आणि आकडे एकदम तीन-चार सेकंदांवर आले तेव्हा त्यांनी वहीत लाल पेनने रेघ मारून नवीन पान सुरू केलं. २०२३ ला कतारमध्ये मॅकलारेन टीमने नॉरिसच्या गाडीची चार चाकं १.८० सेकंदात बदलली, तेव्हा म्हणाले आमच्याकडे प्रेसची डाय बदलायला अख्खी शिफ्ट जायची, ती दोन तासांवर आणली तर साहेबांनी पेढे वाटले होते.

युरोपातल्या रेस आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला लागायच्या आणि लोडशेडिंगच्या काळात लाइट गेली की आम्ही दोघं स्कूटरवर पंचवटीत मावशीकडे, तिच्याकडे पण गेली तर परत. चुकलेले लॅप अण्णा वहीत कोरे सोडायचे, अंदाजाने कधीच भरले नाहीत.

२०११ ला नोएडाला रेस येणार म्हणल्यावर मी पहिल्या पगारवाढीतून दोन तिकिटं काढली होती. रेल्वेचं रिझर्व्हेशन पण झालं होतं. रेसच्या दहा दिवस आधी अण्णांना छातीत दुखायला लागलं, बायपास. ३० ऑक्टोबरला मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मित्राच्या फोनवर फक्त निकाल ऐकला. अण्णा शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी म्हणाले, तू तरी जायचं होतं. पुढच्या वर्षी जाऊ म्हणलो, मग लग्न, मग घराचे हप्ते, आणि २०१३ नंतर ती रेसच बंद पडली. ती दोन तिकिटं अजून वहीत आहेत.

आता दोन वर्षं आरडी केली होती ती सुटली आहे. सिंगापूरचा विचार केला पण ती यंदा, २०२६ ला, ११ ऑक्टोबरला आहे, त्याच दिवशी घटस्थापना, आमच्याकडे घट बसतात, ते सोडून जाणं होणार नाही. म्हणून डिसेंबरची अबू धाबी, ४ ते ६. दोघांचं जमतंय, तिसऱ्याचं नाही. बायको आणि लेक दोघी म्हणतात अण्णांनाच ने.

पण माझ्या मनात दोन शंका आहेत. एक म्हणजे अण्णांना आता ऐकू फार कमी येतं, प्रेस शॉपशेजारी ३० वर्षं काढल्याचा परिणाम, मशीन लावलंय कानाला तरी टीव्हीवरची कॉमेंट्री कळत नाही, ते नुसतं बघतात आणि मी कागदावर लिहून देतो. मग ज्या आवाजासाठी लोक जातात तो त्यांना मिळणार का? दुसरं, सगळे म्हणतात ट्रॅकवर एकच वळण दिसतं, गाड्या झुप करून जातात आणि कोण कितवा तेच कळत नाही. २७ वर्षं टीव्हीवर सगळं बारकाईने बघितलेल्या माणसाला तिथे नेऊन हिरमोड तर होणार नाही ना? आणि चालणं किती पडतं, कुठला स्टँड घ्यावा, जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

उपनगर_नाका

भाऊ, आधी खरं ते सांगतो मग तुम्ही ठरवा. रेस समजून घ्यायची असेल तर टीव्हीच चांगला. मी २०१२ ला मलेशियाला कंपनीच्या कामाने होतो आणि तो वीकेंड तिथल्या सेपांगच्या ट्रॅकवर काढला, टेकडीवरचं सगळ्यात स्वस्त तिकीट. सुरू होऊन नऊ लॅप होत नाहीत तर असा पाऊस कोसळला की लाल झेंडा, पाऊण एक तास सगळं बंद. आम्ही डोक्यावर प्लास्टिक धरून चिखलात उभे. तेवढ्यात समोरच्या स्क्रीनवर क्रमवारी आली आणि दहाव्या नंबरला आपला भारतीय ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन! एचआरटी टीमची, कायम शेपटीला असणारी गाडी, पण त्यांनी सुरुवातीलाच पूर्ण पावसाचे टायर लावले होते आणि बाकीच्यांना नंतर बदलायला पिटमध्ये जावं लागलं. टेकडीवर मी आणि तीन-चार अनोळखी तामिळ पोरं, एकमेकांना मिठ्या मारल्या आम्ही. नंतर तो मागे गेला ते सोडा, पण तो स्क्रीन मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पण त्याच रेसमधली सगळ्यात मोठी गोष्ट मला दिसलीच नाही. साउबर टीमचा पेरेझ पुढच्या अलोन्सोला गाठत गाठत आला होता आणि शेवटच्या काही लॅपमध्ये एका वळणावर बाहेर गेला, तिथेच रेस गेली त्याची. मी बसलो होतो तिथून ते वळण दिसत नव्हतं. नुसता लांबून लोकांचा एक हुंकार आला. रूमवर जाऊन रिप्ले बघितल्यावर कळलं. तेव्हा ते जे तुम्हाला लोक सांगतात ते खरंच आहे.

आता दुसरी बाजू. टीव्हीचा कॅमेरा वेग खातो. लांबून, उंचावरून, झूम करून घेतलेलं असतं, त्यात चढ-उतार सपाट होतात आणि गाडी रुळावरून चालल्यासारखी दिसते. सेपांगला शुक्रवारी पहिल्या प्रॅक्टिसला मी एका वळणापाशी उभा होतो. लांब सरळ रस्ता संपतो तिथे. गाडी तीनशेच्या वर येते, डोकं सांगतं की आता ही थांबत नाही, ही गेली, आणि शंभर मीटरच्या पाटीपाशी ती अशी काही दबते की तुमचंच पोट पुढे येतं. मग तिथेच कळलं की दोन ड्रायव्हरमध्ये फरक काय असतो, एकजण ब्रेक मारल्यावर गाडी सरळ धरतो, दुसऱ्याची मागची बाजू थोडी वळवळते, तिसरा पाटीच्या पाच मीटर पुढे जाऊन ब्रेक मारतो. मी १२ वर्षं बघत होतो, हे मला टीव्हीवर कधीही दिसलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं की रविवारसाठी जाऊ नका, शुक्रवारसाठी जा. गर्दी कमी, गाड्या तासभर एकामागोमाग एक सुट्या सुट्या येतात, कोण कितवा याची चिंता नसते. आणि सिंगापूर सोडलंत ते घटस्थापनेमुळे असलं तरी बरंच झालं, यंदा तिथे स्प्रिंट म्हणजे शनिवारची जादा छोटी रेस आहे, त्यामुळे प्रॅक्टिसचं सेशन एकच. अबू धाबीला नेहमीसारखी तीन.

गोदाकाठची

दादा तुमची पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं. त्या कोऱ्या सोडलेल्या लॅपचं विशेष.

मी २०२२ ला अबू धाबीला जाऊन आले, भाऊ दुबईत असतो त्याच्यासोबत. व्हेटेल या ड्रायव्हरची निवृत्तीआधीची शेवटची रेस होती ती. मला वरच्यांशी थोडं भांडायचंय, कारण रविवारसुद्धा समजतो, फक्त समजायची पद्धत वेगळी असते.

आमची सीट नॉर्थ स्टँडला होती, समोर पाचव्या वळणाचा हेअरपिन, म्हणजे यू-टर्नसारखं वळण. पहिले दहा लॅप मी पण गोंधळले, नुसते रंग जात होते समोरून. मग भावाने एक सांगितलं आणि माझी रेसच बदलली. तो म्हणाला एक खांब धर, पुढची गाडी खांबापाशी आली की सेकंद मोजायला सुरुवात कर आणि मागची आली की थांब. फेरारीचा लेक्लेर दुसऱ्या नंबरवर, एकच पिटस्टॉप करून टायर वाचवत चाललेला, आणि पेरेझने दोन स्टॉप केले होते आणि नवीन टायरवर त्याला गाठायला येत होता. दोघांपैकी वर्षभराच्या गुणांत दुसरं कोण ते पण त्याच्यावरच ठरणार होतं, रेसच्या आधी गुण सारखे होते दोघांचे. मी दर लॅपला मोजत होते. आठ. सात. सात. सहा. एका लॅपला पेरेझ एका मागे पडलेल्या गाडीच्या मागे अडकला तर परत वाढलं. शेवटचे पाच लॅप मी स्क्रीनकडे बघितलंच नाही, खांबाकडे बघत होते आणि शेजारच्या फिलिपिनो काकू पण माझ्यासोबत बोटांवर मोजायला लागल्या. लेक्लेर राहिला पुढे, दीडेक सेकंदाने. टीव्हीवर तो आकडा कोपऱ्यात आयता लिहून येतो हो, पण तिथे तो तुमच्या तोंडातून निघतो. मी फेरारीची आहे म्हणून नाही सांगत, पण तसं रडले नव्हते मी कधी रेस बघताना.

म्हणून तुमचं वाचल्यावर मला पहिलं हेच वाटलं की ज्या माणसाच्या हातात ३० वर्षं स्टॉपवॉच होतं त्याला ट्रॅकवर कॉमेंट्री लागणारच नाही! एकच जागा, तीच गाडी, तेच वळण, परत परत ५८ वेळा. त्यांच्या मशिनजवळ पण असंच असणार ना? अण्णांना नेलंच पाहिजे.

आता कामाचं बोलते. ट्रॅक आहे त्या यास बेटावरची हॉटेलं रेसच्या आठवड्यात परवडत नाहीत, अबू धाबी शहरात राहा किंवा दुबईत, दुबईहून तास-सव्वा तास धरा आणि रविवारी रात्री परत येताना त्याच्या दुप्पट. गाडी लांब लावून शटल बसने आत जायचं असतं. चालणं आहे, खोटं नाही सांगत, गेटपासून सीटपर्यंत आणि स्टँडच्या पायऱ्या. आमच्याकडे दिवसाला दहा-बारा हजार पावलं झाली होती. सीट काढताना खालच्या ओळी आणि कडेच्या खुर्च्या बघा म्हणजे अण्णांना चढावं लागणार नाही, फक्त अगदी पहिल्या ओळीत जाळी आडवी येते. मोठ्या स्टँडना वर छप्पर आहे आणि डिसेंबरमध्ये हवा आपल्या नाशिकसारखीच गोड, रात्री शाल लागेल. रेस तिथल्या पाचला सुरू होते म्हणजे आपल्या साडेसहाला, उजेडात सुरू आणि दिव्यात शेवट. पहिली आणि तिसरी प्रॅक्टिस भर दुपारी, दुसरी आणि क्वालिफाइंग (रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणारं सेशन) संध्याकाळी, हे लक्षात ठेवून अण्णांची दुपारची झोप कुठे बसवायची ते ठरवा. शुक्रवारी पहिली प्रॅक्टिस सोडून दुसरीला गेलात तरी चालेल.

आणि नाशिकहून मुंबई विमानतळाला आता इगतपुरीहून समृद्धीने आमण्यापर्यंत धरा, कसारा घाटात अडकायचं नाही. खरा वेळ पुढे भिवंडी-ठाण्यात जातो, तो मोकळाच ठेवा.

सिडकोवाला

ताई काय लिहिलंय तुम्ही. ते खांबाचं मी जेवताना अण्णांना कागदावर लिहून दाखवलं. वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. काही बोलले नाहीत. पण अण्णा कागद खिशात ठेवतात म्हणजे काहीतरी आहे.

एक विचारायचं राहिलं, नॉर्थ स्टँडवरून पिट दिसत नाही ना? अण्णांचा जीव पिटस्टॉपमध्ये आहे, मेन ग्रँडस्टँड पिटच्या समोर आहे असं नकाशात दिसतंय पण दर बघून धस्स झालं.

उपनगर_नाका

मेन स्टँड समोर आहे पण मध्ये पूर्ण ट्रॅक, मग पिटची भिंत, मग लेन. जी टीम तुमच्या बरोबर समोर येईल तिचं दिसणार, बाकीच्यांचं तिरकं. आणि दोन-अडीच सेकंदाचा मामला, नेमकं तेव्हा डोळा तिथे पाहिजे. त्यासाठी दुप्पट पैसे मी तरी घालणार नाही.

त्यापेक्षा गुरुवारचं बघा. बऱ्याच रेसना तीन-चार दिवसांच्या तिकिटावर गुरुवारी पिटलेनमधून चालू देतात, तुमच्या तिकिटात ते आहे का हे काढतानाच तपासा. त्या दिवशी क्रू पिटस्टॉपचा सराव करत असतो. गाडी ढकलत आणतात, चाकं काढली लावली, मागे ढकलली, परत आणली, परत. कोणी काही चुकलं तर सगळे थांबून बोलतात आणि पुन्हा. एका चाकाला तीन माणसं, एक गन धरणारा, एक जुनं काढणारा, एक नवीन बसवणारा. पुढे-मागे जॅकवाले. गाडी बाजूने स्थिर धरायला दोन. हे काही मीटरवरून बघायला मिळालं तर तुमच्या अण्णांची रेस तिथेच झाली समजा. रविवारचा पिटस्टॉप लांबून बघण्यापेक्षा गुरुवारचे वीस पिटस्टॉप जवळून.

इंदिरानगर७५

मी नोएडाला २०११ ला होतो. तुमच्या तिकिटांचं वाचून गप्पच झालो. तिकडची आठवण सांगू का नको असं वाटलं पण सांगतो, कारण तुम्ही जिन्यात बसला होतात तेव्हा आत काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत असावं.

शुक्रवारी पहिल्या प्रॅक्टिसला ट्रॅकवर कुत्रा आला म्हणून सेशन थांबवलं होतं. ट्रॅक नवाकोरा, पाच किलोमीटरच्या थोडा वर, रेसिंग लाइन म्हणजे गाड्या जातात तो पट्टा सोडला की नुसती धूळ, गाडी जरा बाहेर गेली की मागे पिवळा ढग. रविवारी रेसच्या आधी एक मिनिट शांतता पाळली, डॅन वेल्डन आणि मार्को सिमोन्चेली हे दोन रेसर त्याच महिन्यात एका आठवड्याच्या अंतराने रेसमधल्या अपघातात वारले होते. एवढ्या लोकांची शांतता मी आपल्या देशात दुसऱ्या कुठल्या मैदानात ऐकली नाही. आणि मग २४ व्ही८ इंजिनं एकदम. रेस म्हणून बघितली तर एकतर्फी होती, व्हेटेलने सगळे ६० लॅप पुढे राहून जिंकली, मागे बटन आणि अलोन्सो. शेवटी चेकर्ड झेंडा सचिनने दाखवला तेव्हा सगळा स्टँड उभा. नारायण पण होता एचआरटीमध्ये, १७ वा आला, तो समोरून गेला की दर लॅपला लोक ओरडत होते जसा काही तोच पुढे आहे.

आता कानाचं. हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. कमी ऐकू येतं म्हणजे कानाला इजा होत नाही असं नसतं, जे थोडं उरलंय तेच सांभाळायचं असतं. ट्रॅकवर श्रवणयंत्र चालू ठेवायचं का काढून वर इअरमफ घालायचे हे त्यांच्या कानाच्या डॉक्टरांना जाण्याआधी विचारा. इअरमफ इथूनच घेऊन जा, वर्कशॉपवाल्यांना कुठले चांगले ते मी सांगायला नको. २०१४ पासूनची व्ही६ टर्बो इंजिनं जुन्या व्ही८ पेक्षा खूप शांत आहेत, मी दोन्ही ऐकलीत. यंदा नवीन नियमांची गाडी येतेय, टर्बोवरचं एमजीयू-एच, म्हणजे टर्बोपासून वीज बनवणारं यंत्र, काढून टाकलंय आणि बॅटरीची ताकद १२० वरून ३५० किलोवॅट केली आहे, तेव्हा आवाज बदलणार हे नक्की.

आणि आवाज नुसता कानाने येत नाही हो. नोएडाला मी पूर्ण वेळ कानात बोळे घालून बसलो होतो आणि तरी बाकड्याची फळी हलत होती. छातीत घुमतं. अण्णांना ते मिळेल.

बायपास झालेली आहे तर हृदयाच्या डॉक्टरांचं फिट असल्याचं पत्र, गोळ्यांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, आणि प्रवास विमा काढताना बायपास लपवू नका, सांगून काढा, प्रीमियम जास्त गेला तरी. पाणी आणि गोळ्यांची वेळ याची जबाबदारी तुम्ही स्वतः घ्या, रेस चालू असताना त्यांना भान राहणार नाही आणि तुम्हालाही राहणार नाही, म्हणून फोनला गजर लावा.

मातीतला_टप्पा

परदेशी ट्रॅक मी बघितलेला नाही, पण एक सुचवू का. तुम्ही ४१ वर्षांचे होईपर्यंत एकदाही गाडी रेसच्या वेगात जवळून बघितली नाही असं म्हणताय, आणि राहता नाशकात! आपल्याकडे रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची, राष्ट्रीय स्पर्धेची फेरी. मी कॉलेजात असताना पहाटे थंडीत बाइकवर जाऊन बांधावर उभे राहायचो. लांब डोंगरातून आवाज यायचा, मग बंद, मग एकदम जवळ, आणि गाडी आडवी होऊनच वळणातून बाहेर, अंगावर खडी आणि तोंडात माती. गाडी गेल्यावर मागे तापलेल्या ब्रेकचा आणि उसाचा असा मिश्र वास. गावातली म्हातारी माणसं घोंगडी घेऊन बसलेली असायची आणि दोन गाड्यांमधलं अंतर घड्याळात बघून सांगायची, हा मागच्यापेक्षा सावकाश आला. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना.

म्हणून डिसेंबरच्या आधी अण्णांना एकदा कुठेतरी घेऊन जा, सवय होऊ द्या त्यांना आणि तुम्हालाही. कोल्हापूरला मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, एखादी स्पर्धा असताना जाऊन बसा. तीन तास उन्हात बसवतं का, पायऱ्या चढवतात का, इअरमफ टोचतात का, हे इथे कळलेलं बरं. तिथे जाऊन कळण्यात काय अर्थ आहे. लेकीलाही नेता येईल, ती अबू धाबीला येणार नाहीये ना.

गोदाकाठची

लेकीचं खरंच सुचलं नव्हतं मला. नक्की न्या. माझ्या बाबांनी मला मांडीवर घेऊन दाखवलेल्या रेस, म्हणून मी आज इथे लिहितेय.

अजून एक राहिलं. रेस संपली की लगेच उठू नका. एक तर गर्दी, आपल्याकडे शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडावरून बाहेर पडताना कसं होतं तसंच, सगळे एकाच वेळी एकाच वाटेने, आणि ७३ वर्षांच्या माणसाला त्यात ढकलायचं नाही. तासभर बसा. मावळतीनंतरचा तो ट्रॅक, दिवे तसेच चालू, आणि रस्त्याच्या कडेला टायरचे घासून पडलेले रबराचे गोळे. व्हेटेलने त्या दिवशी मुख्य रस्त्यावर गाडी गोल गोल फिरवून निरोप घेतला, आम्ही स्क्रीनवर बघत होतो आणि स्टँडमध्ये निम्मे लोक गेले होते. जे थांबले त्यांना मिळालं ते.

सिडकोवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण मध्ये बऱ्याच गोष्टी झाल्या.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी सांगितलं गाड्या ट्रॅकवर असताना यंत्र काढून डबीत ठेवायचं, वर इअरमफ, आणि मधल्या वेळात परत लावायचं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले रोज सकाळी चालणं वाढवा, नोव्हेंबरमध्ये परत दाखवा मग पत्र देतो. काल सकाळी सहाला उठलो तर अण्णा बूट घालून दारात. म्हणाले दहा हजार पावलं म्हणजे किती फेऱ्या ते मोजून ठेव.

नॉर्थ स्टँड ठरवलाय. मेन स्टँडचा विचार सोडला, गुरुवारचं पिटलेन असलेलं तिकीट मिळतंय का ते बघूनच पैसे भरणार. कोल्हापूरला मेच्या सुट्टीत जाऊ, तिघं.

आणि ते खांबाचं. तो कागद त्यांनी खिशात का ठेवला ते परवा कळलं. कपाटातून जुनं स्टॉपवॉच काढलं, किल्लीचं आहे, कंपनीने निवृत्तीला दिलेलं, चालत नव्हतं. स्वतः बसने मेन रोडला घड्याळवाल्याकडे जाऊन दुरुस्त करून आणलं, मला सांगितलंही नाही. संध्याकाळी मला म्हणाले २०२२ ची ती रेस लाव, आवाज नको. मी मोबाइलवरून टीव्हीला जोडून दिली. त्यांनी स्क्रीनवर ती कोपऱ्यातली आकड्यांची पट्टी दिसू नये म्हणून तिथे वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला आणि लेक्लेर-पेरेझ धरून बसले. कॅमेरा सारखा बदलत होता त्यामुळे खांब सापडेना, चिडले. म्हणाले हे असं मधेच तोंड फिरवतात, ऑपरेटर असता तर उभा केला असता. मग म्हणाले, तिथे नाही ना फिरवणार? मी म्हणलो नाही अण्णा, तिथे तुम्ही जिकडे बघाल तेच.

मग विचारलं, किती लॅप असतात. ५८ म्हणलो. आत्ता हे लिहितोय तेव्हा ते पलंगावर बसून लेकीला सांगतायत आणि ती नवीन वहीत पट्टीने ५८ ओळी आखतेय. नोएडाची ती जुनी दोन तिकिटं त्यांनी त्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलीत.